पापलेट, पिंगळी आणि मे महिना

गोठवलेला मासा वितळवणे म्हणजे त्याच्या अंगातल्या बर्फाचे पुन्हा पाणी करणे, आणि ते करताना माशाला गरम होऊ न देणे. व्याख्या एवढीच आहे. तिचा पहिला अर्धा भाग कुठल्याही गावात आपोआप पार पडतो. दुसऱ्यासाठी हवामान, पाणी, वीज आणि घरातली वडीलधारी मंडळी या चौघांची संमती लागते, आणि परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीत मे महिन्यात हे चौघे एकाच दिवशी राजी झाल्याचे सहसा ऐकू येत नाही.

पिंगळी हे परभणीहून पूर्णेकडे निघाले की लागणारे स्टेशन. मुंबईच्या मोठ्या गाड्या परभणीला थांबतात. पुढे पॅसेंजरने किंवा रस्त्याने यायचे. मुंबई ते परभणी हे अंतर लोहमार्गाने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे पापलेटाच्या दृष्टीने पिंगळी हे परराष्ट्रच. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण जिल्हाभर अभिमानाने सांगितली जाते, पण दोन्हींपैकी समुद्र फक्त जर्मनीला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीकरांना हा लेख वाचण्याची गरज नाही. त्यांचा मासा मालवणच्या बाजूने सकाळी येतो आणि दुपारी संपतो.

गावाला मासा नवा आहे असे मात्र नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या जिल्ह्यातल्या नद्या, त्यात पूर्णेवरचे येलदरी धरण. रोहू, कटला, मरळ, वाम ही नावे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतात. हा मासा ताजा येतो, कित्येकदा टोपलीत तडफडत येतो, त्यामुळे त्याला वितळवायचा प्रश्न नसतो. धरून ठेवायचा असतो. समुद्राचा मासा मराठवाड्यात पूर्वापार आला तो वाळून आला. सुकट आणि सुके बोंबील आठवडी बाजारात उघड्या गोणीत बसतात, त्यांना फ्रीज लागत नाही, वीज लागत नाही, आणि ते कुठे आहेत हे विचारावेही लागत नाही. अडचण सुरू झाली ती थर्माकोलच्या डब्याने.

थर्माकोलचा डबा मुंबईतल्या मुलाबरोबर येतो, पनवेलच्या लेकीबरोबर येतो, आणि सर्वांत जास्त ऐटीत जावयाबरोबर येतो. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे जाणकार मंडळी मे महिन्यातच हात धुऊन घेतात. शाळांना सुट्ट्याही तेव्हाच. म्हणजे वर्षातल्या ज्या महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर मुक्काम करून असतो, नेमक्या त्याच महिन्यात उणे अठरा अंशांचा पाहुणा दारात उतरतो. पापलेटाला 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केले गेले. ती घोषणा मराठवाड्यालाही लागू आहे, तेव्हा त्याची बडदास्त ठेवणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते.

माशाच्या पोटात काय चालते ते आधी पाहू. माशाचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग पाणी असतो. हे पाणी शुद्ध नसते, त्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते शून्याला न गोठता उणे एक ते उणे दोनच्या दरम्यान गोठू लागते. उणे अठरापासून तिथपर्यंत मासा भराभर चढतो आणि मग अडून बसतो. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करायला ऐंशी कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापवता येते. म्हणून ‘एवढा वेळ झाला, अजून दगडच’ ही तक्रार करताना माशाला दोष देऊ नये. तो काम करतो आहे, फक्त ते काम दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोडसाळ आहे. बर्फातून उष्णता जितक्या सहज जाते तिच्या जेमतेम चौथाईने ती स्थिर पाण्यातून जाते. गोठताना माशाचा बाहेरचा थर आधी बर्फ होतो आणि आतली उष्णता बाहेर सोडायला वाट मोकळी करतो. वितळताना बाहेरचा थर आधी पाणी होतो आणि आत जाणारी उष्णता अडवून धरतो. म्हणूनच मासा गोठायला लागतो त्याहून वितळायला जास्त वेळ घेतो. शिवाय हा वेळ जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो: जाडी दुप्पट तर वेळ चौपट. मुंबईत मासा भरणाऱ्याने तुकडे एका थरात, चपट्या पिशवीत गोठवले असते तर पिंगळीतले अर्धे भांडण मिटले असते. पण तो सगळे एका गोल डब्यात कोंबतो, वरून पाणी ओततो आणि ‘असं जास्त टिकतं’ असे सांगून मोकळा होतो. पिंगळीत जे उतरते ते दीड किलोचे पाषाणशिल्प असते. त्यातून एका पापलेटाची शेपटी बाहेर आलेली असते, एवढाच मासेपणाचा पुरावा.

घरच्या फ्रीजरमध्ये असे संथ गोठवण्यात आणखी एक तोटा आहे. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन गृहस्थ 1912 च्या सुमारास कॅनडातल्या लॅब्राडोरला गेला. तिथल्या कडाक्याच्या थंडीत पाण्याबाहेर काढलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्याच्या तोडीचा लागतो, हे त्याने पाहिले. पुढे त्याने झटपट गोठवण्याचा धंदा उभारला. कारण साधे आहे. पटकन गोठले तर बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. सावकाश गोठले तर ते मोठे होतात आणि माशाच्या पेशी फाडतात. वितळताना या फाटलेल्या पेशींतून पाणी गळते आणि मासा भुसभुशीत होतो. बोंबलाचे तर मुळातच बहुतांश पाणी. घरच्या फ्रीजरमधून तो सुखरूप परत येत नाही. गोठवलेला ओला बोंबील पिंगळीपर्यंत आणण्याच्या उत्साहाला म्हणूनच आवर घालावा. सुका बोंबील तिथे आधीच पोचलेला आहे.

आता पिंगळीत सर्वांत आधी सुचणारा उपाय. डबा उघडला की ओसरीवरून सल्ला येतो: ‘उन्हात ठिवा की, घडीभरात इतळंल.’ सल्ल्यात तथ्य आहे, इतळेल खरे. परातीत ठेवलेला गोळा मे महिन्याच्या उन्हात बघता बघता पाझरू लागतो आणि सल्ला देणाऱ्याची मान ताठ होते. घोटाळा असा की उष्णता बाहेरून आत जाते. गाभा उणे दोनवर अडलेला असताना वरचा थर पंधरा, पंचवीस, पस्तीस करत कधीच पुढे गेलेला असतो. बोटाने दाबणारा गाभ्याची चौकशी करतो. जंतूंना गाभ्यात रस नसतो, त्यांचा सगळा व्यवहार पृष्ठभागावर चालतो.

गोठवल्याने जंतू मरतात हा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. काही मरतात, बाकीचे नुसते थांबतात. पाच ते साठ अंश हा त्यांचा हंगाम. मनासारखी ऊब मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, आणि याच चालीने चार तासांत एकाचे चार हजार शहाण्णव; गावच्या पंगतीत आमंत्रण एका घराला जाते आणि जेवायला वाडा येतो, तसा हा प्रकार. समुद्री माशाबरोबर येणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस नावाचा जंतू तर याहूनही उतावळा, त्याला दुप्पट व्हायला दहा-बारा मिनिटेही पुरतात. म्हणून नाशवंत अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांवर असेल तर एक तासाहून जास्त नाही, असा दंडक आहे. पिंगळीत मे महिन्यात 32 अंश हे तापमान साधारण सकाळच्या दुसऱ्या चहाच्या वेळी मागे पडते.

बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा यांच्या बाबतीत प्रकरण आणखी नाजूक आहे. यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असते. मासा ऊबेत राहिला की जंतू त्याचे हिस्टामिन करतात, आणि हिस्टामिन एकदा तयार झाले की कितीही उकळा, तळा, भाजा, ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते. पहिली खूण म्हणून जिभेला तिखट चुरचुर जाणवते असे वैद्यकाची पुस्तके सांगतात. येसर घालून केलेल्या रश्श्यात ही खूण ओळखण्याची सोय नाही. तोंड लाल, नाकाला पाणी आणि कपाळावर घाम ही तिथे स्वयंपाक जमल्याची पावती असते. तेव्हा परभणी जिल्ह्यात तरी या लक्षणावर विसंबू नये आणि बांगड्याला उन्हाचे नावही काढू नये.

मग नियम काय म्हणतात? भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची उपाहारगृहांसाठीची तपासणी-यादी सांगते की मांस-मासळी फ्रीजमध्ये पाच अंशांवर किंवा त्याखाली वितळवावी, किंवा मायक्रोवेव्हमध्ये. कोळंबीसारखी कवचाची आणि इतर समुद्री मासळी पिण्याच्या वाहत्या थंड पाण्यात, पंधरा अंश किंवा त्याहून कमी तापमानात, नव्वद मिनिटांच्या आत. यादी निर्दोष आहे. ती पिंगळीत मे महिन्यात अमलात आणायची म्हटले की एकेक कलम डोके वर काढते.

फ्रीजचे कलम आधी. रात्री झाकणाच्या डब्यात, खाली ताटली ठेवून, सर्वांत खालच्या कप्प्यात मासा ठेवावा. अर्धा-एक किलो सकाळपर्यंत किंवा फार तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मऊ होतो. याहून सुरक्षित रीत नाही. फक्त फ्रीज ही मराठवाड्यात यंत्रवस्तू नसून संस्था आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव याच जिल्ह्यातले, घरटी नाही तरी गल्लीगणिक माळकरी आहेत, आणि दुधाच्या पातेल्याखाली बांगडा रात्रभर निजणार आहे ही बातमी घरात फुटायला वेळ लागत नाही. एकादशी, वारी, श्रावण आणि मोठ्या आत्यांचा मुक्काम या काळात फ्रीज बंदच समजावा. काही घरांत तडजोड म्हणून मासा बाहेरच्या चुलीवर, वेगळ्या भगुण्यात, वेगळ्या विळीने होतो. वेगळा फ्रीज मात्र अजून कुणी मांडलेला नाही.

फ्रीजचे राजकारण जमले तरी एक सूचना उरते. हल्ली मासा हवा काढून घेतलेल्या घट्ट पिशवीत येतो. ती तशीच फ्रीजमध्ये ठेवून वितळवू नये; कडेने फाडून हवा आत जाऊ द्यावी. बोटुलिझम घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमचा एक प्रकार हवा नसलेल्या जागी सव्वातीन अंशांपासून पुढे, म्हणजे फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतो. त्याच्या विषाला वास नसतो, चव नसते, त्यामुळे सुनेला बोल लावायलाही वाव राहत नाही.

वाहत्या पाण्याचे कलम वाचून तर मराठवाड्यातला माणूस क्षणभर गप्प होतो. नव्वद मिनिटे नळ सोडून ठेवायचा, तोही माशासाठी! शेजारच्या लातूरला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या मुलखात टँकरची वाट पाहताना माणसे कळशीवर बसून झोपतात, तिथे पापलेटावर धार सोडणाऱ्याला गावकीपुढे उभे राहावे लागेल. आणि पाणी असले तरी पंधरा अंशांचे कुठून आणायचे? गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारे पाणी आंघोळीलाही सोसवत नाही. त्या नळाखाली मासा धरला तर वितळवणे आणि शिजवणे या दोन क्रिया एकत्र सुरू होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

थंड पाणी म्हटले की हात माठाकडे जातो. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी तितका माठ गार. मे महिन्यात परभणीकडची हवा ठणठणीत कोरडी असल्याने माठाला अनुकूल काळ. तरी त्याची धाव विशी-पंचविशीच्या आसपास संपते. निसर्गाने बाष्पीभवनाला घालून दिलेली ती मर्यादा आहे. पिणाऱ्याला हे पाणी अमृत, जंतूलाही नकोसे नाही.

याच तत्त्वावर चालणारे आणि पिंगळीच्या घरात वाहते पाणी खरोखर असलेले दुसरे यंत्र म्हणजे कूलर. पंप फिरतो, पाणी वाळ्यावरून किंवा गवतावरून उतरते, टाकीत जमते आणि पुन्हा वर जाते. कागदावर पाहता पिशवीतला मासा कूलरच्या टाकीत सोडणे ही कल्पना चलाखीची आहे. पण टाकीतले पाणी माठाहून थंड नसते, पिण्याजोगे तर नसतेच, आणि पिशवीला एखादे भोक असेल तर त्याची वार्ता कूलर पुढच्या पाच मिनिटांत तीन खोल्यांना आणि बाजेवर लवंडलेल्या माळकरी आजोबांना एकाच वेळी कळवतो. ही रीत इथेच सोडून द्यावी.

काम भागवणारी रीत अशी. मासा न गळणाऱ्या जाड पिशवीत घालावा. पिशवीतली हवा दाबून काढावी, कारण हवेतून उष्णता जाण्याचा वेग पाण्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतका असतो आणि फुगलेली पिशवी वर तरंगून उगाच गार राहण्याचे सोंग करते. तोंड पिळून गाठ मारावी, मग दुसऱ्या पिशवीत उलटी घालावी. पिशवी नसेल तर मासा थेट पाण्यात सोडू नये. पाणी त्याची चव नेते आणि आपले जंतू त्याला देते. बादलीत माठाचे पाणी घ्यावे, पिशवी बुडवावी आणि वर पाण्याने भरलेली बरणी किंवा वरवंटा ठेवावा.

यात एक आनंदाची गोष्ट आहे. मासा स्वतःच बर्फ आहे. उणे अठरावरचा एक किलोचा गोळा वितळताना दहा लिटर पाण्याला साधारण सात अंशांनी खाली ओढतो, पाच लिटर असेल तर चौदा अंशांनी. म्हणजे पंचवीस अंशांचे पाच लिटर माठाचे पाणी घेतले तर नियमातले पंधरा अंश मासाच आणून देतो, तेही विजेचे बिल न वाढवता. मात्र हा हिशेब बादलीला बाहेरून झळ लागत नाही असे धरून केला आहे. पिंगळीत झळ लागत नाही असे काही धरता येत नाही. म्हणून बादलीला ओले गोणपाट गुंडाळावे, ती न्हाणीघराच्या सावलीत ठेवावी आणि हाताशी बर्फाचा एक ट्रे ठेवावा. सुरुवातीला बर्फाची गरज नसते. गोळा मऊ पडू लागला, त्याची ओढ संपली आणि पाणी कोमट व्हायच्या वाटेला लागले की तो टाकायचा.

दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे असे सगळीकडे लिहिलेले असते. थंड मुलखात ते बदलतात कारण पाणी अति गार होऊन मासा वितळायचा थांबतो. पिंगळीत कारण नेमके उलटे: पाणी गरम होऊ नये म्हणून बदलायचे. थंड देशातला नियम जसाच्या तसा पाळून अर्ध्या तासाने काळ्या टाकीचे पाणी ओतणारा माणूस आज्ञाधारक असतो, पण त्याचा मासा वाचत नाही. बदलायचे ते माठाचे पाणी, आणि पाणी काटकसरीचे असेल तर न बदलता बर्फ वाढवावा. मधून मधून पिशवी हलवावी. तिच्याभोवती साचलेला गार पाण्याचा थर मोडला की काम पुढे सरकते. हे काम पोरांना द्यावे. तीही थंड पाण्यात हात घालायला निमित्तच शोधत असतात.

या रीतीने चपटी अर्धा किलोची पिशवी तासाभरात, बऱ्याचदा त्याआधीच, तयार होते. सुटी गोठवलेली कोळंबी दहा-वीस मिनिटांत. दीड किलोच्या गोल पाषाणाला दोन ते तीन तास. या गोळ्याच्या बाबतीत एक युक्ती चालते: अर्धा तास झाला की पिशवी उघडून बाहेरचे सुटे झालेले तुकडे काढून घ्यावेत, मीठ-हळद लावून लगेच वापरावेत किंवा फ्रीजमध्ये सरकवावेत, आणि उरलेला गाभा पुन्हा बुडवावा. सुरीने किंवा उलथण्याने गोळा फोडण्याचा मोह मात्र टाळावा. गोळा फुटत नाही, सुरी सटकते, आणि मग तालुक्याच्या दवाखान्यात ‘मासा लागला’ असे सांगावे लागते.

मासा वितळला की नाही हे पाहायला तो अंगठ्याने न दाबता हलकेच वाकवावा. तुकडा लवला आणि मधे कडक काडी जाणवली नाही की झाले. मधे थोडासा बर्फ राहिला असेल तर उत्तमच. पूर्ण मऊ होण्याची वाट पाहणे ही हौस आहे, गरज नाही. कोळंबीच्या बाबतीत या वेळी घरात थोडी शांतता पसरते. वर चढवलेला बर्फाचा पातळ थर उतरतो, किलोची पिशवी किलोची राहत नाही आणि वीस जणांना पुरणारी कोळंबी बारा जणांची होते. हा थर कोरडेपणापासून जपायला मुद्दाम चढवलेला असतो, लबाडी नसते. पिशवीवर निव्वळ वजन वेगळे लिहिलेले असते. ते बारीक अक्षरात असते, एवढेच.

मायक्रोवेव्ह घरात असेल तर त्याच्याविषयी दोन शब्द. त्यातल्या लहरी पाणी भराभर शोषते, बर्फ फारच कमी. त्यामुळे जो भाग आधी पाणी होतो तोच आणखी तापत जातो: पापलेटाची शेपटी आणि कडा शिजून पांढऱ्या पडतात आणि मधे जानेवारी तसाच राहतो. कमी शक्तीवर, थांबत थांबत, उलटपालट करत चालवले तर जमते, पण मग लगेच चुलीवर चढवलेच पाहिजे. पातळ तुकड्यांसाठी त्याहून स्वस्त साधन म्हणजे अॅल्युमिनियमची दोन भगुणी. एक पालथे घालावे, त्यावर पिशवीतले तुकडे पसरावेत, वर दुसऱ्या भगुण्यात गार पाणी घालून ते ठेवावे. धातू उष्णता झपाट्याने पोचवतो. जाड तुकड्यांना ही युक्ती पुरत नाही, आणि भर दुपारी स्वयंपाकघरातली भगुणी स्वतःच तापलेली असतात, तेव्हा आधी पाण्याने निववून घ्यावीत.

घाईवरचा खरा उतारा मात्र वेगळाच आहे, आणि तो सुचायला फार उशीर लागतो. वितळवूच नये. रस्सा करायचा असेल तर सुटे तुकडे आणि कोळंबी गोठलेलीच उकळत्या रश्श्यात सोडता येतात. वेळ नेहमीच्या दीडपट धरावा, रस्सा थोडा दाट ठेवावा, कारण मासा आपले पाणी त्यात आणतोच. तुकडा मधून पारदर्शक न राहता काट्याने पाकळी पाकळी सुटला की शिजला. तळायचे असेल तर ही सूट नाही. बर्फ लागलेला तुकडा तापल्या तेलात टाकला की तेल चहूकडे उडते, आणि तव्यापासून तीन हात लांब उभे राहून कालथा फेकणारी माणसे मग दिसू लागतात. तळणीचा मासा वितळवावा, निथळावा, फडक्याने टिपून कोरडा करावा, मगच रवा लावावा. गोठलेल्या अवस्थेत मीठ-हळद-तिखट चोळणेही व्यर्थ. मसाला बर्फाला लागतो आणि बर्फाबरोबर वाहून जातो. हळद लावली म्हणजे जंतू गेले हेही खरे नाही. हळदीचा मान मोठा आहे, पण एवढा नाही.

वीज गेल्यावर फ्रीजरमधल्या माशाचे काय होते हा प्रश्न उन्हाळ्यात हटकून येतो. दार न उघडता ठेवले तर गच्च भरलेला फ्रीजर साधारण दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस गारठा धरून राहतो; खालचा फ्रीज चारच तास. अडचण दार न उघडण्यात आहे. वीज गेली की ‘बघू बरं, गार आहे का’ म्हणून घरातला प्रत्येक जण एकदा दार उघडून खात्री करून घेतो आणि त्या खात्रीनेच गारठा जातो. लग्नकार्याला दोन दिवस बाहेरगावी जायचे असेल तर एक सोपी तजवीज करावी. वाटीत पाणी गोठवावे, त्यावर रुपयाचे नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्यावी. परतल्यावर नाणे बर्फावरच असेल तर ठीक. ते वाटीच्या तळाशी गोठलेले दिसले तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे, मासा टाकून द्यावा. चार हजारांची सुरमई एका रुपयाच्या साक्षीवर फेकणे जिवावर येते, पण साक्षीदार खोटे बोलत नाही.

उरलेला मासा पुन्हा गोठवावा का, यावर घराघरांत दोन पक्ष असतात. फ्रीजमध्येच, पाच अंशांखाली वितळला असेल तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. चव आणि पोत थोडा उतरतो, धोका वाढत नाही. बादलीत किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळलेला मासा आधी शिजवावा, मग हवा तर शिजलेला गोठवावा. प्रवासातून आलेल्या डब्यातही हाच विवेक: तुकड्यांत अजून बर्फाचे कण करकरत असतील आणि हाताला सणसणीत गार लागत असेल तर थेट फ्रीजरमध्ये, डबा कोमट असेल तर कितीही दुरून आला असला आणि कुणीही आणला असला तरी तो परत घरात घेऊ नये. जावयाला हे सांगायचे काम सासऱ्यांनी सासूबाईंवर सोपवावे.

शेवटी पिशवीत गुलाबीसर पाणी उरते. ते कोशिंबिरीच्या पातेल्याजवळ ओतू नये, सांडू देऊ नये. विळी, पाट आणि हात साबणाने धुवावेत. बादलीतले पाणी मात्र माशाला शिवलेलेही नसते. पिशवी शाबूत होती याची खात्री असेल तर ते झाडाला घालायला काहीच हरकत नाही, आणि शास्त्राप्रमाणे तुळशीलाही चालते. हे मत घरात मांडून पाहण्यापेक्षा ते कढीपत्त्याला घालावे.